ट्रंकेतली फाईल आणि डावं बुबुळ: लेसरनंतर बारा वर्षांनी

खानापूर तालुक्यातल्या एका मराठी प्राथमिक शाळेतल्या बाई २०२३ च्या नोव्हेंबरात माझ्या बेळगावच्या दवाखान्यात आल्या, तेव्हा त्यांच्या पर्समध्ये दोन चष्मे होते. एक मी दिलेला आणि दुसरा नंतर दुसरीकडे करून घेतलेला. दोन्हींतून उजवीकडचं स्वच्छ दिसत होतं, डावीकडचं मात्र नाही.

"म्याडम, फळ्यावरचं अक्षर दुहेरी दिसालंय. एक अक्षर आणि त्याच्या खाली त्याचीच सावली. रात्री गाडीचा दिवा तर फुटल्यागत पसरतोय."

एका डोळ्याने पाहताना अक्षराला खाली सावली पडते, असं कुणी सांगितलं की डोळ्यांच्या डॉक्टरने लगेच बुबुळाच्या, म्हणजे डोळ्याच्या दर्शनी पारदर्शक काचेच्या, आकाराकडे वळावं. मोतीबिंदूचं धुकं वेगळं असतं आणि साध्या नंबराचं धूसरपणही वेगळं. मी त्यांना दोन वर्षांपूर्वी तपासलं होतं, तेव्हाही त्यांनी असंच काहीसं सांगितलं असावं. माझ्या कागदावर मात्र "डावीकडे अंधूक, मोबाईलवर जास्त काम" एवढंच लिहिलेलं होतं. त्या चुकीकडे पुढे येतेच.

बाईंचं वय चौतीस. माहेर निपाणीचं, सासर खानापूरकडचं. २०११ साली, डी.एड. संपवून लग्नाचं बघायला सुरुवात झाली तेव्हा, बाविसाव्या वर्षी एका मोठ्या शहरात त्यांनी दोन्ही डोळ्यांचं लेसर करून घेतलं. आपल्या भागात त्याला सरळ "चष्मा काढायचं ऑपरेशन" म्हणतात. त्यानंतर दहा वर्षं त्या बिनचष्म्याने शिकवत होत्या. दोन बाळंतपणं झाली, २०१४ मध्ये मुलगी आणि २०१७ मध्ये मुलगा. ऑपरेशननंतरच्या पहिल्या तीन महिन्यांच्या तपासण्या सोडल्या तर कुणी त्यांच्या बुबुळाचा नकाशा, म्हणजे त्याची वक्रता रंगांत दाखवणारं चित्र, पुन्हा काढला नव्हता आणि त्यांनाही तो काढायचा असतो हे माहीत नव्हतं. डिस्चार्जच्या कागदावर वर्षातून एकदा तपासणी करा असं छापलं होतं खरं, पण ते इंग्रजीत. बाईंचं सगळं शिक्षण मराठी माध्यमातलं. ती ओळ त्यांना कुणी वाचून दाखवली नाही.

तपासणीत काय दिसलं

उजव्या डोळ्याला नंबर जवळपास नव्हताच, दृष्टी ६/६, म्हणजे पूर्ण. डाव्याला −२.७५ आणि त्यावर −३.२५ चा सिलिंडर नंबर (बुबुळ सगळ्या दिशांना सारखं गोल नसलं की लागतो तो), आणि तो लावूनही दृष्टी ६/१२ च्या पुढे जाईना. बारीक छिद्रातून बघायला लावल्यावर ६/९ झाली. डोळ्याच्या आत, पडद्यावर किंवा भिंगात दोष असता तर छिद्राने एवढा फरक पडला नसता. डोळ्यात प्रकाश टाकून नंबर तपासायच्या रेटिनोस्कोपने बघताना बाहुलीतला प्रकाश कात्रीच्या दोन पात्यांसारखा उघडझाप करत होता. बुबुळ एका बाजूला वाकडं झालं की अशी कात्री दिसते.

तरी एकदम निष्कर्षावर उडी मारणं बरोबर नव्हतं. लेसरनंतर काही वर्षांनी नंबर परत येण्याची कारणं अनेक आहेत आणि बहुतेक वेळा ती साधी असतात. डोळ्याची लांबीच वाढली असेल, लेसरने घासलेल्या जागेवरचा वरचा थर जाड होऊन थोडा नंबर परतला असेल, रक्तातली साखर वरखाली होत असेल किंवा भिंगात लवकर मोतीबिंदू उतरत असेल. नुसते कोरडे पडलेले डोळेसुद्धा दृष्टी बिघडवतात, आणि लेसरमध्ये बुबुळाच्या नसा कापल्या जात असल्याने कोरडेपणा या रुग्णांत नेहमीचा. बाईंची साखर तपासली, ठीक होती. भिंग स्वच्छ. डोळ्याची लांबी उजवीकडे २६.० मिलिमीटर, डावीकडे २६.१. एवढ्या किरकोळ फरकाने एका डोळ्याचा नंबर इतका पुढे जात नाही. म्हणजे लांबीचा दोष नव्हता. दोष दर्शनी काचेतच होता.

भिंगाची ताकद डायऑप्टरमध्ये मोजतात. आपल्या डोळ्याची एकूण ताकद साधारण ६० डायऑप्टर धरली, तर त्यातली ४३ च्या आसपास एकट्या बुबुळाची, म्हणजे पारदर्शक कॉर्नियाची असते. अर्धा मिलिमीटर जाडीच्या या काचेने एवढा भार उचललेला असतो. त्याच्या जाडीचा सुमारे ९० टक्के भाग कोलॅजनच्या एकावर एक बसलेल्या दोनशेहून अधिक पापुद्र्यांचा असतो. पुढच्या भागात हे पापुद्रे एकमेकांत विणलेले असतात आणि मागे ते सुटे सुटे असतात. त्यामुळे पुढचा साधारण ४० टक्के भाग सर्वांत चिवट. लेसरचं ऑपरेशन होतं ते नेमकं याच भागावर. लेसिक या प्रकारात आधी वरचा पापुद्रा कापून झाकणासारखा बाजूला उलटतात. त्याखालचा भाग १९३ नॅनोमीटरच्या एक्सायमर लेसरने घासतात आणि झाकण परत बसवतात. झाकणाची कड व्रणासारखी भरून येते, पण मधल्या भागात ते पूर्वीसारखं एकजीव कधीच होत नाही. डोळ्याच्या आतला दाब पेलायला त्या झाकणाचा फारसा उपयोग उरत नाही. भार येतो खाली उरलेल्या पापुद्र्यांवर.

उरलेला हा भाग हळूहळू वाकून पुढे येऊ लागला की त्याला एक्टेशिया, साध्या भाषेत फुगवटा, म्हणतात. लेसिकनंतर असं होऊ शकतं याची पहिली नोंद १९९८ मध्ये थिओ झायलर यांनी केली. हे क्वचितच होतं. पण ज्याच्या डोळ्यात होतं त्याला क्वचित या शब्दाने काय दिलासा मिळणार?

नकाशा, आणि त्याने दिलेलं अर्धंच उत्तर

माझ्याकडे बुबुळाचा नकाशा काढायचं यंत्र नाही. बाईंना शहरातल्या मोठ्या रुग्णालयात पाठवलं आणि नकाशे घेऊन त्या दुसऱ्या दिवशी परत आल्या.

मायनस नंबराचं लेसर झालेल्या डोळ्याचा नकाशा आधीपासूनच विचित्र दिसतो. मध्यभाग चपटा केलेला असतो, म्हणून तो निळा दिसतो. भोवतीची न घासलेली कड तुलनेत उंच राहते आणि तिथे लाल-पिवळं कडं उमटतं. हे कडं पाहून घाबरायचं नसतं. उजव्या डोळ्यात तेच होतं, मध्ये गोल निळं तळं आणि चहूबाजूंनी सारखं कडं. डाव्या डोळ्यात मात्र खालच्या बाजूने पिवळ्या-लाल रंगाची जीभ निळ्या भागात घुसली होती. सर्वांत उंच, म्हणजे सर्वांत वक्र, बिंदू ४६.३ डायऑप्टर. सर्वांत पातळ जागा ३८९ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), तीही मध्यावर नव्हती, खाली बाहेरच्या बाजूला सरकलेली. उजव्याची सर्वांत पातळ जागा ४२६ मायक्रॉन आणि बरोबर मध्यावर.

इथे एक फसगत होते, आणि मी ती चांगल्या डॉक्टरांकडूनही झालेली पाहिली आहे. केराटोकोनस या आजारात, म्हणजे बुबुळ आपोआप शंकूसारखं पुढे येतं तेव्हा, ४७-४८ डायऑप्टरच्या वरचा आकडा पाहून आपण सावध होतो. त्या मापाने ४६.३ हा आकडा निरुपद्रवी वाटतो. पण लेसर झालेलं बुबुळ मुद्दाम ३८-३९ वर आणून ठेवलेलं असतं. तिथून ४६ पर्यंत चढ झाला असेल तर तो फार मोठा आहे.

"झाला असेल तर." कारण एका दिवसाचा एक नकाशा एवढंच सांगतो की आज बुबुळ असं आहे. ते कधीपासून असं आहे, सरकतंय की थांबलंय, हे तो सांगत नाही. २०११ मध्ये लेसर जरा खाली लागला असेल आणि तेव्हापासून हा नकाशा असाच असेल, तर काही करायची गरज नाही. नंतर सरकला असेल, तर लवकर काहीतरी करायला हवं. स्थिर हा शब्द एका नकाशावरून उच्चारताच येत नाही. त्याला निदान दोन नकाशे लागतात आणि दोहोंच्या मध्ये वेळ लागतो.

म्हणून मी बाईंना विचारलं, जुनी फाईल आहे का?

सीमाभागात या प्रश्नाला उत्तर मिळणं अवघड असतं, हे इथे काम करणाऱ्या कुणालाही विचारा. माणूस शिकतो एका गावात, ऑपरेशन करून घेतो मिरज-कोल्हापूर, पुणे, हुबळी किंवा बंगळूरला, संसार करतो तिसऱ्याच ठिकाणी. कागद कुठे मराठीत, कुठे कन्नडात, कुठे इंग्रजीत. मोतीबिंदूची चिठ्ठी एका पिशवीत आणि साखरेचे रिपोर्ट दुसरीत. लग्न झालेल्या मुलीचे कागद तर माहेरीच राहतात, आणि चष्मा काढायचं ऑपरेशन लग्नाआधीचं असल्याने ती फाईल बहुतेक वेळा तिकडेच असते. काही घरांत ती मुद्दाम सासरी आणलीच जात नाही. बाईंनीही सासूबाईंबद्दल हळूच सांगितलं, "आत्याबाईंना माहीतच नाही की मला आधी चष्मा होता."

मी विषय तिथेच सोडला. एवढंच म्हटलं, "त्यांना सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा, पण फाईल हवीच. नाहीतर मला सहा महिने थांबून दुसरा नकाशा काढावा लागेल, आणि थांबायचं नसेल तर अंदाजाने उपचार करावे लागतील. दोन्हींत तुमचंच नुकसान आहे."

आठ दिवसांनी त्यांचे भाऊ निपाणीहून फाईल घेऊन आले. आईच्या ट्रंकेत, रेशनकार्ड आणि घरपट्टीच्या पावत्यांखाली ती सापडली होती. पावसाळी ओलीने रंगीत पानं एकमेकांना चिकटली होती, नकाशातला लाल रंग गुलाबी झाला होता. आकडे मात्र शाबूत होते.

फाईल काय म्हणाली

ऑपरेशनआधी उजव्याला −६.००, डाव्याला −६.५० आणि −०.७५ सिलिंडर. जाडी उजवीकडे ५१२ मायक्रॉन, डावीकडे ५०८. दोन्ही डोळ्यांत झाकणाची ठरवलेली जाडी १३०, पात्याच्या यंत्राने कापलेलं. लेसरने घासलेला भाग उजवीकडे ८४ मायक्रॉन, डावीकडे ९६. आणि सर्वांत मोलाचा कागद म्हणजे ऑपरेशननंतर तीन महिन्यांनी काढलेला नकाशा. त्यात डाव्या डोळ्याचा मध्यभाग ३८.८ डायऑप्टर, निळं तळं गोल, खालून घुसलेली जीभ कुठेही नाही.

म्हणजे बुबुळ सरकलं होतं. थांबून बघायची गरज संपली.

हा हिशेब मी बाईंसमोर कागदावर मांडला, कारण शिकवणाऱ्या माणसाला आकडे दाखवले की भीती कमी होते. डाव्या डोळ्यात ५०८ मधून १३० चं झाकण आणि ९६ चं घासणं वजा केलं की खाली उरतात २८२ मायक्रॉन. त्या काळी रोजच्या कामात चालणारा नियम असा होता की खाली किमान २५० उरले पाहिजेत. त्या नियमाने ऑपरेशन बसत होतं. पण झाकण आणि घासणं मिळून २२६ मायक्रॉन, म्हणजे मूळ जाडीच्या ४४.५ टक्के भागाला हात लागला होता. हे प्रमाण ४० टक्के किंवा त्याहून जास्त असेल तर धोका वाढतो, हे मोजमाप २०१४ मध्ये पुढे आलं, बाईंच्या ऑपरेशननंतर तीन वर्षांनी. वय, जाडी, नकाशा, नंबर आणि उरलेला भाग यांना गुण देऊन जोखीम ठरवायची पद्धत २००८ पासून होती. तिने मोजलं तर बाईंचा डावा डोळा जास्त जोखमीच्या गटात जातो. वय कमी, जाडी बेताची, आणि ऑपरेशनआधीच्या नकाशात खालची बाजू वरच्यापेक्षा १.१ डायऑप्टरने उंच. संशय घ्यावा अशी १.४ ची रेषा तिने ओलांडली नव्हती, पण कल मात्र खालीच होता.

त्या शहरातल्या डॉक्टरांचं चुकलं का, असं भावांनी मला विचारलं. मी प्रामाणिकपणे सांगितलं की तेव्हाच्या सरसकट पद्धतीप्रमाणे त्यांनी केलं. आज हीच मुलगी माझ्यासमोर बसली असती तर मी लेसिक नको म्हटलं असतं. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. जिथे मला खरंच खंत वाटते ती जागा वेगळी आहे. दहा वर्षांत कुणी तिला परत बोलावलं नाही, आणि २०२१ मध्ये ती माझ्यासमोर येऊन बसली तेव्हा मीही तिला ओळखलं नाही.

तेव्हा डाव्या डोळ्याला −१.०० आणि −१.२५ सिलिंडर निघाला होता. शाळा बंद होत्या, मुलांना फोनवरून शिकवणं चालू होतं आणि माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाची तक्रार मोबाईलवरच संपत होती. मी चष्मा दिला. लेसर झालेल्या माणसाला इतक्या वर्षांनी, एकाच डोळ्यात, नवा सिलिंडर नंबर येतो, तेव्हा चष्म्याच्या आधी नकाशा काढायला पाठवायचं असतं. हे मला पाठ होतं, पण समोर दिसलं नाही. दोन वर्षं गेली. त्या दोन वर्षांत सिलिंडर नंबर १.२५ वरून ३.२५ वर गेला.

दोन डोळे, एकच ऑपरेशन, मग डावाच का?

उजव्या डोळ्याचाही हिशेब काही फार सुखाचा नाही. १३० अधिक ८४ म्हणजे २१४, मूळ जाडीच्या ४१.८ टक्के. तोही ४० च्या पुढेच आहे. तरी तो बारा वर्षं जागचा हलला नाही. म्हणून हे टक्के नशिबासारखे वाचायचे नसतात. धोका किती आहे ते ते सांगतात, कुणाला होईल हे सांगत नाहीत.

डाव्याच्या बाबतीत नकाशाचा कल हे एक कारण होतंच. दुसरं कारण बोलता बोलता निघालं. बोलत असताना बाई डावा डोळा चोळत होत्या, उजवा नाही. तर्जनीचं मधलं पेर डोळ्यात घालून गोल गोल, जोर लावून. मी विचारलं, कधीपासून? त्या हसल्या. "लहानपणापासून म्याडम. आई तंबाखूच्या वखारीत जायची, मी तिथंच खेळायची. डोळे चुरचुरायचे."

निपाणीत वाढलेल्या माणसाला हे वेगळं सांगावं लागत नाही. तंबाखू चाळताना उडणारी धूळ डोळ्यांत, नाकात, घशात जाते. खानापूरला आल्यावर सुगीत भाताच्या मळणीचं तूस, आणि वर्षभर फळ्यावरचा खडू. डोळ्यांची अॅलर्जी असलेल्या माणसाने डोळे चोळणं स्वाभाविक आहे. पण प्रत्येक चोळण्यात बुबुळ दाबलं जातं, वाकतं आणि त्याच्या पेशींमध्ये दाहाची रसायनं वाढतात. शाबूत बुबुळ हे बरीच वर्षं सोसतं. ज्याच्या पुढच्या चिवट थराला छेद गेला आहे, ते कमी सोसतं. बाई झोपतातही डाव्या कुशीवर, चेहरा उशीत रुतवून. माझ्या मते इथे चोळण्याचा वाटा मोठा होता. सिद्ध करून दाखवता येणार नाही, पण इतक्या वर्षांच्या कामानंतर माझं मत तेच आहे. गरोदरपणात बुबुळ थोडं मऊ पडतं आणि त्या काळात असा फुगवटा वाढल्याच्या नोंदी आहेत. बाईंच्या दोन गरोदरपणांनी काय केलं ते आता कळायला मार्ग नाही, कारण मधल्या वर्षांचा एकही नकाशा नाही.

आपल्याकडे बुबुळ मुळातच कमकुवत असण्याचं प्रमाण दुर्लक्ष करण्याइतकं कमी नाही, हेही इथे नोंदवते. नागपूरजवळच्या ग्रामीण भागात तीस वर्षांवरच्या लोकांची तपासणी झाली होती. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ४८ डायऑप्टरहून जास्त वक्रता म्हणजे केराटोकोनस असं धरून २.३ टक्के लोकांत तो आढळला. ती व्याख्या जरा ढोबळ आहे. तरी चष्मा काढायला येणाऱ्या प्रत्येक मुलामुलीचा नकाशा किती बारकाईने वाचायला हवा, ते त्या आकड्यावरून कळतं.

उपचार

फुगवटा थांबवण्यासाठी आज हाताशी असलेला खरा उपाय म्हणजे क्रॉसलिंकिंग. बुबुळावरचा वरचा नाजूक थर काढून रायबोफ्लेविनचे, म्हणजे बी-२ जीवनसत्त्वाचे, पिवळे थेंब मुरवायचे आणि त्यावर ठरावीक ताकदीचा अतिनील प्रकाश सोडायचा. मूळ पद्धतीत हा प्रकाश अर्धा तास असतो. त्याने कोलॅजनच्या धाग्यांमध्ये नवे टाके पडतात आणि बुबुळ ताठ होतं. झायलर यांच्याच गटाने २००३ मध्ये माणसांवरचे याचे पहिले निष्कर्ष मांडले. ज्यांनी लेसिकनंतरचा फुगवटा पहिल्यांदा नोंदवला त्यांचंच नाव त्याच्या उपायाशीही जोडलेलं आहे, याचं मला नेहमी कौतुक वाटतं.

अडचण जाडीची होती. अतिनील प्रकाशाने बुबुळाच्या सर्वांत आतल्या पेशींना इजा होऊ नये म्हणून वरचा थर काढल्यावर किमान ४०० मायक्रॉन लागतात. बाईंच्या डाव्या डोळ्यात थरासकट ३८९ होते, थर काढल्यावर उरणार ३४० च्या आसपास. अशा पातळ डोळ्यांसाठी दोन वाटा आहेत. एक, पातळ क्षाराचे रायबोफ्लेविन थेंब घालून बुबुळ तात्पुरतं फुगवून जाड करायचं. दुसरी चेन्नईच्या डॉ. सूसन जेकब यांनी २०१४ मध्ये मांडली. रायबोफ्लेविनमध्ये भिजवलेली, अतिनील प्रकाश न अडवणारी मऊ कॉन्टॅक्ट लेन्स बुबुळावर ठेवून जाडीची उणीव भरून काढायची. ज्या केंद्रात मी बाईंना पाठवलं तिथल्या डॉक्टरांनी पहिली वाट धरली. जानेवारी २०२४ मध्ये, बुबुळ ४०० च्या वर फुगल्याचं मोजूनच, प्रकाश दिला.

अपेक्षा काय ठेवायची हे आधीच बोलून घेतलं होतं. लेसिक झालेल्या डोळ्यात प्रकाशाचा काही भाग त्या निरुपयोगी झाकणातच खर्च होतो, त्यामुळे परिणाम केराटोकोनसपेक्षा कमी मिळतो. अमेरिकेतल्या ज्या चाचण्यांवरून २०१६ मध्ये तिथे या उपचाराला मान्यता मिळाली, त्यांत वर्षाअखेरीस सर्वांत उंच बिंदू केराटोकोनसमध्ये सरासरी १.६ डायऑप्टर खाली आला, लेसरनंतरच्या फुगवट्यात ०.७. मी बाईंना म्हटलं, "चष्मा जाईल म्हणून करू नका. जिथं आहे तिथं थांबावं म्हणून करायचंय."

"थांबलं तरी बास की," त्या म्हणाल्या.

पहिले तीन दिवस फार दुखलं. बुबुळावर पट्टीसारखी लेन्स, उजेड सोसत नाही, पाणी डोळ्याला लागू द्यायचं नाही. आत्याबाईंना मग सांगावंच लागलं, आणि मग रात्री थेंब घालायचं काम त्यांनीच आपल्याकडे घेतलं. महिन्याने नकाशा उलट थोडा चढलेला दिसला, ४६.९. असं होतं, वरचा थर नव्याने बसत असतो. बाई मात्र घाबरून शाळा सोडून आल्या होत्या. सहा महिन्यांनी ४५.९, वर्षाने, जानेवारी २०२५ मध्ये, ४५.५. सर्वांत पातळ जागेत फरक नाही. चष्म्याने दृष्टी ६/९. शिकवताना त्या स्क्लेरल लेन्स घालतात. ती मोठ्या व्यासाची लेन्स डोळ्याच्या पांढऱ्या भागावर टेकते आणि बुबुळावर पाण्याचा गुळगुळीत थर धरून ठेवते. तिच्यातून ६/६ ओळीतली एक-दोन अक्षरं सोडून सगळी वाचता येतात, आणि फळ्यावरच्या अक्षराखालची सावली गेली आहे.

अॅलर्जीचे थेंब वर्षभर चालू आहेत. स्टेरॉइडचे थेंब दुकानातून परस्पर घेऊ नका, हे मी तीनदा बजावलंय, कारण खाज थांबते म्हणून लोक ते महिनोन्‌महिने घालतात आणि डोळ्याचा दाब वाढवून घेतात. त्यात लेसर झालेल्या पातळ बुबुळावर दाब मोजला की तो खऱ्यापेक्षा कमी दिसतो. बाईंचा १० आला होता. तो आकडा मी मनात वाढवूनच वाचते. चोळायची सवय सुटायला सगळ्यांत जास्त वेळ लागला. शेवटी चौथीतल्या पोरांनाच सांगितलं, बाईंचा हात डोळ्याकडे गेला की ओरडायचं. पोरांनी ते काम मनापासून केलं.

फाईलचं पुढे काय

ट्रंकेतल्या फाईलच्या आता तीन प्रती आहेत. एक माझ्याकडे, एक सासरी, एक बाईंच्या फोनमध्ये. पहिल्या पानावर मी मराठीत मोठ्या अक्षरात ऑपरेशनआधीची वक्रता, जाडी आणि नंबर लिहून दिलाय. साठीत मोतीबिंदू होईल तेव्हा आत बसवायच्या भिंगाची ताकद काढताना लेसर झालेलं बुबुळ यंत्राला फसवतं, आणि नेहमीच्या हिशेबाने भिंग कमी ताकदीचं निघतं. तेव्हाच्या डॉक्टरला ही पाटी उपयोगी पडेल. तो डॉक्टर कोण असेल, कुठल्या गावात असेल आणि कागद कुठल्या भाषेत वाचेल, हे आज सांगता येत नाही.

लेसर झालेल्या डोळ्यांकडे दहा-दहा वर्षं बघायला हवं हा धडा तसा जुना आहे. लेसरच्या आधी बुबुळावर चाकाच्या आऱ्यांसारखे चरे देऊन मायनस नंबर घालवत. अमेरिकेत अशा डोळ्यांचा दहा वर्षं पाठपुरावा झाला आणि १९९४ मध्ये निष्कर्ष आला की ४३ टक्के डोळे एक डायऑप्टर किंवा त्याहून जास्त प्लसकडे सरकले. पहिल्या वर्षाच्या तपासणीत ते कुणाला दिसलं नसतं. लेसर त्या पद्धतीपेक्षा खूपच स्थिर आहे, माझ्याकडे येणारे बहुसंख्य लेसरवाले पंधरा वर्षांनंतरही छान पाहतात. पण त्यांतल्या ज्याचा एक डोळा सरकतो आहे तो वेळेत सापडायचा असेल तर बाकीच्यांनीही अधूनमधून नकाशा काढत राहावा लागतो.

गेल्या महिन्यात बाई त्यांच्या भावाच्या मुलीला घेऊन आल्या. वय वीस, नंबर −४.५०, घरात लग्नाची बोलणी. "आत्तीला झालं म्हणून मला पण होईल काय?" तिने विचारलं. केराटोकोनस घराण्यात चालू शकतो, म्हणून तिचा नकाशा काढला. जाडी ५०२, सर्वांत पातळ जागा किंचित खाली. आजार म्हणावा असं काही नाही, पण लेसिकला हो म्हणावं असंही नाही. तिला सांगितलं, मऊ लेन्स वापरत असशील तर पुढच्या तपासणीआधी दोन आठवडे काढून ठेव, डोळे चोळू नको, आणि वर्षाने हाच नकाशा पुन्हा काढू. नंबर घालवायचाच असेल तर बुबुळाला हात न लावता डोळ्याच्या आत भिंग बसवायचा मार्ग पुढे बघता येईल. ती नाराज झाली. तिची आई मला म्हणाली, "म्याडम, मुलगा बघायला येणार आहेत पुढच्या महिन्यात." यावर माझ्याकडे औषध नव्हतं. बाईंनी भाचीचा हात धरला आणि स्वतःचे दोन नकाशे, २०११ चा गुलाबी पडलेला आणि २०२३ चा, तिच्यासमोर ठेवले. दोघी बराच वेळ ते बघत बसल्या.

बाईंच्या उजव्या डोळ्याचा पुढचा नकाशा जुलैत आहे. त्या दिवशी शाळेला सुट्टी नाही, म्हणून रजेचा अर्ज त्यांनी आत्ताच मुख्याध्यापकांकडे देऊन ठेवलाय.